गुरुवारी माग बंद

मालिकेचं नाव आम्हा तिघांना तीन आठवतं.
वार मात्र पक्का. गुरुवार, रात्री नऊ,
साखर पेठेत, बोल्लींच्या माडीवर.

माग थांबायचे ते वीज गेली तर,
गल्लीत माणूस गेलं तर,
आणि गुरुवारी अर्धा तास.
माग चालू असला की पडद्यावर मुंग्या येत
आणि विमानं मुंग्यांत हरवत.
नरसय्यामामा खटका खाली ओढायचे.
ती शांतता अजून कानाला लागते,
न धुतलेल्या नव्या चादरीसारखी.

दशरथ गच्चीवर, अँटेना धरून.
"आलं का?"
"आलं, आलं... गेलं!"
त्याचं सगळं युद्ध असं पाठमोरं झालं.

विमानं पुठ्ठ्याची असणार, हे आता कळतं.
ढग म्हणजे पिंजलेला कापूस, हे तेव्हाच कळलं होतं;
आम्ही कापसातच वाढलो.
तरी मान वाकडी करून आम्ही वळायचो विमानाबरोबर,
सगळी माडी डावीकडे कलायची.

घंटा झाली की पायलट चहा टाकून धावत.
कॅमेरा मागे राहायचा, एका कपाजवळ.
वाफ.
आमच्याकडेही भोंगा झाला की नायना उठत,
घास तोंडात, पाय अंधारात चपला शोधत.
त्यांच्या मागे संगीत वाजत नसे, एवढंच.

अम्माला हिंदी येत नव्हतं,
मराठीसुद्धा बाजारापुरती.
दाराशी बसून विड्या वळायची, सूप मांडीवर,
आणि परतणारी विमानं मोजायची.
सहा गेली. पाच आली.
मग बोटं थांबायची.
"वच्चाडा?"
आला का तो?
तो म्हणजे कोण, ते सांगत नसे.
जो बाकी असेल तो.

शेवटच्या भागात खंबाटा एकटा निघाला,
ज्याला आम्ही सगळ्या मुलींनी वाटून घेतलं होतं.
तेल संपत आलेलं. धावपट्टीवर कंदील मांडलेले.
एक घरघर, लांबून,
आणि अख्ख्या पेठेची वीज गेली.

अंधारात कुणीतरी विडी पेटवली.
मामा म्हणाले, बघू पुढच्या गुरुवारी.
पुढच्या गुरुवारी त्या वेळेला
मधुमक्षिकापालनावर माहितीपट होता.
तोही आम्ही पूर्ण बघितला.

विजया म्हणते, उतरला तो, मी पाहिलं,
चाक कंदिलाला लागलं, कंदील पडला.
दशरथ भिवंडीहून फोनवर सांगतो,
नाही उतरला. गच्चीवरून विमान गेलं माझ्या डोक्यावरून,
सरळ पुढे, अक्कलकोटच्या बाजूला.
अरे, वीज गेली होती, मी म्हणते.
वीज गेली म्हणूनच ऐकू आलं, म्हणतो.
मी वाद घालत नाही.
त्या मालिकेतलं त्याच्या वाट्याला तेवढंच आलं.

नायना एकदा सकाळच्या पाळीला गेले
आणि दहा वाजता परत आले, डबा भरलेला.
फाटकाला कुलूप होतं.
अम्मानं डबा उघडला, भाकऱ्या मोजल्या, झाकण लावलं.
त्यानंतर भोंगा झाला नाही.
कितीतरी महिने ते त्या वेळेला उठायचे,
चपला घालायचे,
आणि मग काय करायचं ते आठवत उभे राहायचे.

परवा अम्माला डोळे दाखवायला होटगी रोडला नेलं.
परतताना वर आवाज झाला.
तिनं रिक्षा थांबवायला लावली,
कपाळावर हात धरला.
पट्टी बांधलेला डोळाही वर केला.

"वच्चाडा?"

विमान उतरत होतं की चढत होतं,
त्या उन्हात मला कळेना.
रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता.
अम्माची बोटं मांडीवर चालू झाली,
नसलेलं पान, नसलेली तंबाखू,
आणि शेवटी दोरा,
तो तिनं दातानं तोडला.